कॅनडात बारावी, अमेरिकेत अर्ज : मराठी आईबाबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी ओंटारियोतल्या साध्या सरकारी शाळेतून शिकली आणि पदवीसाठी अमेरिकेत गेली. तेव्हापासून गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात, कधी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्येसुद्धा मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. दरवर्षी दोन-चार मुलांचे अर्ज मी जवळून बघते. ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. विद्यापीठांचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून अर्ज भरताना त्या-त्या विद्यापीठाचं संकेतस्थळ स्वतः वाचाच.

मुलाला ९६ टक्के आहेत. हार्वर्ड मिळेल ना?

९६ टक्के फार छान, पण त्यावर प्रवेश ठरत नाही. ओंटारियोत आपल्याला एका आकड्याची सवय असते: बारावीच्या सहा विषयांची सरासरी. बऱ्याच अभ्यासक्रमांत ती पुरेशी असली की काम झालं. अमेरिकेतली निवडक विद्यापीठं नववीपासूनचे सगळे गुण बघतात, तुमच्या शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं मुलाने काय घेतलं हे बघतात. मग शिक्षकांची पत्रं, निबंध आणि शाळेबाहेरचं आयुष्य. हार्वर्ड शंभरातल्या साधारण चार जणांना घेतं. एमआयटीत अमेरिकेबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि कॅनडाची मुलं त्याच गटात मोजली जातात. नाकारलेल्या मुलांमध्ये ९८ टक्केवालेही भरपूर असतात. हे मुलाला अर्ज करण्याआधी सांगा. निकालाच्या रात्री सांगून उपयोग नसतो.

मग सुरुवात कुठून करायची? विद्यापीठांच्या यादीपासून?

नाही. दोन गोष्टींपासून: घरात पैसे किती आहेत आणि मुलाच्या हातात पासपोर्ट कोणता आहे. बहुतेक घरांत उलटं होतं. मूल मनात एखादं विद्यापीठ पक्कं करतं, डिसेंबरात अर्ज जातो, आणि मार्चमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलावर पहिल्यांदा खर्चाचा हिशेब मांडला जातो. तेव्हा "आपल्याला नाही परवडणार" हे वाक्य त्या मुलाला फार लागतं. दहावी-अकरावीतच तिघांनी एकत्र बसा. आपण वर्षाला अमुक इतकंच देऊ शकतो, हा आकडा मुलासमोर मोकळेपणाने ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

खर्च नक्की किती? आणि मदत मिळते का?

नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत फी, राहणं, जेवण धरून वर्षाला ८५ हजार अमेरिकी डॉलरच्या वर जातात. चार वर्षांचे कॅनेडियन डॉलरमध्ये करून बघा, म्हणजे मी आधी पैशांबद्दल का बोलले ते कळेल.

मदत मिळते, पण सगळीकडे सारखी नाही. इथे 'नीड-ब्लाइंड' हा शब्द समजून घ्यायला हवा. म्हणजे मदत मागितली आहे की नाही, हे प्रवेश ठरवताना बघतच नाहीत. अमेरिकेच्या नागरिकांसाठी अशी विद्यापीठं पुष्कळ आहेत, परदेशी मुलांसाठी थोडी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट आणि बोडन ही त्यांपैकी. पेन्सिल्वेनिया विद्यापीठ, ज्याला सगळे 'पेन' म्हणतात, बहुतेक परदेशी मुलांना नाही पण कॅनडाच्या नागरिकांना ही सवलत देतं. आपल्या मुलांचा हा खास फायदा आहे आणि कित्येकांना तो माहीतच नसतो. याउलट स्टॅनफर्ड आणि कोलंबियात परदेशी मुलाने मदत मागितली तर ती गोष्ट निर्णयात धरली जाते. घेतलं तर मदत भरपूर देतात, पण दार तेवढं अरुंद होतं.

२०२५-२६ पासून हार्वर्डने जाहीर केलं आहे की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख अमेरिकी डॉलरपर्यंत असेल तर राहण्या-जेवणासकट काहीच भरावं लागणार नाही, आणि दोन लाखांपर्यंत शिकवणी फी माफ. यात मालमत्ता सर्वसाधारण असावी ही अट आहे. एक लाख अमेरिकी म्हणजे साधारण एक लाख पस्तीस ते चाळीस हजार कॅनेडियन डॉलर. ब्रॅम्प्टन-मिसिसागातली दोघं नोकरी करणारी अनेक मराठी कुटुंबं या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. म्हणून "हे श्रीमंतांचं काम" असं म्हणून विषय बंद करू नका. आधी विद्यापीठाच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता किती भरावं लागेल हे सांगणारं साधन) आकडे घालून बघा.

आणखी एक. आयव्ही लीग या जुन्या खासगी विद्यापीठांच्या गटातली आठही विद्यापीठं हुशारीवर शिष्यवृत्ती देत नाहीत. मदत फक्त गरजेवर. गुणवत्तेवर पूर्ण खर्च देणाऱ्या मोजक्या योजना इतरत्र आहेत. उत्तर कॅरोलायना विद्यापीठातली मोरहेड-केन ही त्यातली एक, आणि तिथे कॅनडातून अर्ज करता येतो. तिची मुदत शरद ऋतूतच संपते, त्यामुळे ती बहुतेकांच्या हातून निसटते.

पुण्यातला फ्लॅट दाखवायचा का?

हो. हा प्रश्न मला हळू आवाजात विचारला जातो, म्हणून मोठ्याने उत्तर देते. मदतीसाठी बहुतेक नावाजलेली खासगी विद्यापीठं 'सीएसएस प्रोफाइल' हा फॉर्म भरायला लावतात. त्यात उत्पन्न, बचत आणि मालमत्ता विचारतात, आणि मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती मालमत्ताच. पुण्यातला फ्लॅट, गावच्या जमिनीतला आपला वाटा, भारतातल्या मुदत ठेवी, सगळं लिहा. वाटा अजून एकत्र असेल, विकता येण्यासारखा नसेल, तर ते समजावून सांगायला जागा असते. आईवडिलांना भारतात दरमहा पैसे पाठवत असाल तर तेही कळवा. त्या खर्चाचा विचार व्हावा असं आपणच सांगावं लागतं, ते कुणी विचारत नाही. राहत्या घराची किंमत हार्वर्ड आणि प्रिन्स्टन धरत नाहीत, बाकीची अनेक विद्यापीठं धरतात. टोरांटोच्या आसपास घरांच्या किमती बघता हा फरक मोठा आहे.

आरईएसपीचे (मुलाच्या शिक्षणासाठीच्या बचत योजनेचे) पैसे अमेरिकेत चालतात का?

चालतात. परदेशी विद्यापीठातल्या पूर्णवेळ शिक्षणासाठी ते काढता येतात, सरकारने त्यात घातलेल्या अनुदानासकट. पहिल्या १३ आठवड्यांत अनुदान आणि वाढीच्या भागातून जास्तीत जास्त ८,००० कॅनेडियन डॉलर निघतात, त्यामुळे पहिल्या सत्राची फी भरताना उरलेली सोय आधी करून ठेवा. आपण स्वतः भरलेल्या मुदलाला ही मर्यादा नाही. तिकडच्या विद्यापीठाकडून टीएल११ए हा फॉर्म भरून घेतला, तर फीची सूट कॅनडाच्या करविवरणातही मिळते. हा फॉर्म दरवर्षी मागावा लागतो.

आमच्याकडे कॅनडाचा पीआर (कायमचा रहिवास) आहे, पासपोर्ट भारताचाच आहे. फरक पडतो?

प्रवेशात फारसा नाही, पण पुढे पडतो. कॅनडाच्या नागरिकाला अमेरिकेत शिकायला जाताना व्हिसाचा शिक्का लागत नाही. विद्यापीठाकडून आलेला आय-२० फॉर्म आणि सेव्हिस या परदेशी विद्यार्थी नोंदणीच्या ३५० अमेरिकी डॉलर शुल्काची पावती घेऊन तो थेट सीमेवर उभा राहतो. पीआर असलेल्या मुलाला भारतीय पासपोर्टवर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. म्हणजे डीएस-१६० फॉर्म, टोरांटो किंवा दुसऱ्या शहरातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाची भेटीची वेळ, मुलाखत. २०२५ पासून विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायलाही सांगतात.

पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात राहून झाले असतील तर नागरिकत्वाचा अर्ज "नंतर बघू" म्हणून ठेवू नका. भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, ओसीआय काढावं लागतं, मन जड होतं, हे मला माहीत आहे. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. पण मूल दहावीत असताना तो झाला तर पुढची वाट सोपी होते. आणि मुलाचा जन्म आईबाबा अमेरिकेत नोकरीला असताना तिथेच झाला असेल तर तो अमेरिकेचा नागरिक आहे. मग तो परदेशी गटात मोजला जातच नाही आणि सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्मही भरू शकतो.

शाळेतल्या काउन्सेलरला यातलं काही माहीत नाही. काय करू?

घाबरू नका, पण हा भाग स्वतः हातात घ्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

ओंटारियोतला गाइडन्स काउन्सेलर शेकडो मुलांना सांभाळतो. त्यातली बहुसंख्य मुलं ओयूएसी या सामायिक अर्जकेंद्रावरून ओंटारियोतच अर्ज करतात, आणि त्यासाठी गुण शाळेकडून आपोआप जातात. अमेरिकेच्या अर्जात मात्र काउन्सेलरने स्वतः शाळेची माहिती लिहायची, पत्र लिहायचं, ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रिका) चढवायची, फेब्रुवारीत पहिल्या सत्राचे गुण पुन्हा पाठवायचे. शिवाय दोन विषयशिक्षकांची पत्रं, शक्यतो अकरावी किंवा बारावीत शिकवलेल्या.

माझ्या मुलीच्या वेळी शाळेचा अहवाल मुदतीच्या दिवशी रात्रीपर्यंत गेलाच नव्हता. तिच्या काउन्सेलर बाईंना कॉमन ॲपवरून (एकाच अर्जातून अनेक विद्यापीठांना अर्ज करायचं संकेतस्थळ) आलेली ईमेल जाहिरात वाटली होती. विद्यापीठाने शाळेची कागदपत्रं दोन दिवसांनी स्वीकारली, तशी सवलत बहुतेक ठिकाणी असते, पण ती रात्र मी विसरले नाही. म्हणून सांगते: अकरावीच्या मे महिन्यात मुलाने स्वतः काउन्सेलरकडे जावं आणि कोणत्या तारखेला काय लागेल याचा एक पानी कागद हातात द्यावा. शिक्षकांना सुट्टी लागण्याआधीच पत्रासाठी विचारावं. सप्टेंबरात पुन्हा आठवण करावी. आईबाबांनी फोन करण्यापेक्षा मुलाने जाऊन भेटणं चांगलं, कारण त्या भेटीही पत्रात उतरतात.

शाळेने आपली ओळख करून देणारं 'स्कूल प्रोफाइल' कधी बनवलंच नसेल, तर तसं एक पान बनवायची नम्र विनंती करा. शाळेत एपी किंवा आयबी हे वरच्या पातळीचे अभ्यासक्रम नाहीत हे वाचणाऱ्याला त्यातूनच कळतं. शाळेत जे नाहीच ते मुलाने घेतलं नाही, याचे गुण कापत नाहीत.

सत्रपद्धतीच्या शाळेत कोणते विषय आधी घ्यावेत?

अवघड विषय पहिल्या सत्रात. १ नोव्हेंबरला, लवकरच्या फेरीत अर्ज करताना बारावीचे अंतिम गुण हातात नसतात, म्हणून अकरावीचे गुण फार महत्त्वाचे ठरतात. जानेवारीअखेर पहिलं सत्र संपतं आणि मार्चच्या निर्णयाआधी तेवढेच गुण पोहोचतात. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलाचं कॅल्क्युलस दुसऱ्या सत्रात असेल तर निर्णय घेताना त्याचे गुण कुणी बघतच नाही. ॲडव्हान्स्ड फंक्शन्स, म्हणजे एमएचएफ४यू, त्याच्या आधी किंवा बरोबरीने लागतं, त्यामुळे ही आखणी अकरावीतच करावी लागते. आणि अकरावी-बारावीचा विषय पुन्हा घेतला तर ओंटारियोच्या ट्रान्स्क्रिप्टवर दोन्ही वेळचे गुण दिसतात.

टक्क्यांचं जीपीए करून द्यायचं का?

नाही. जसे आहेत तसे लिहा. कॅनडाचे अर्ज वाचणारी माणसं हे टक्के वर्षानुवर्षं वाचत आली आहेत.

टोफेल?

शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर बहुतेक ठिकाणी नाही. फ्रेंच माध्यमात शिकलेल्यांनी आधी नियम बघावा.

सॅट ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते का?

दोन-तीन वर्षांपूर्वी मी "बघा, जमलं तर" म्हणायचे. आता म्हणते, द्या. करोनाच्या काळात बहुतेक विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्येच परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी एकामागोमाग ती किंवा तशी परीक्षा सक्तीची केल्याचं जाहीर केलं. येलने त्या वेळी सॅट, एसीटी, एपी, आयबी यांपैकी काहीही चालेल अशी मोकळीक दिली. कोलंबियाने ती ऐच्छिकच ठेवली, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखा गुण बघतच नाहीत.

परीक्षा आता संगणकावर होते, १६०० गुणांची. कॅनडाच्या शाळेत तिची तयारी कुणी करून घेत नाही, मुलाला स्वतःच बसावं लागतं. खान अकादमीवरचा सराव मोफत आहे आणि तो पुरतो. अकरावीच्या मार्च किंवा मेमध्ये पहिला प्रयत्न, लागला तर ऑगस्टमध्ये दुसरा. केंद्रं लवकर भरतात, नाव लवकर नोंदवा.

आम्ही मॉन्ट्रियलला आहोत. सीजेपमधून कसं?

क्यूबेकमध्ये शाळा अकरावीला संपते आणि मग दोन वर्षांचं सीजेप. अमेरिकी विद्यापीठांना बारा वर्षांचं शिक्षण हवं असतं, त्यामुळे बरीच मुलं सीजेपच्या पहिल्या वर्षातच अर्ज करतात. म्हणजे सीजेपमध्ये पाऊल ठेवल्यावर दोन महिन्यांत. नवीन प्राध्यापकांना मूल अजून माहीतही नसतं. म्हणून शाळा सोडण्याआधी तिथल्या शिक्षकांकडून पत्राचा शब्द घेऊन ठेवा. दुसऱ्या वर्षी अर्ज केला तर घाई कमी होते, आणि काही ठिकाणी त्या वर्षाचं श्रेय पदवीत धरतात. दोन्ही वाटा चालतात. मला दुसरी अधिक शांत वाटते.

अल्बर्टात डिप्लोमा परीक्षेचं काय?

बारावीची ही प्रांतिक परीक्षा अंतिम गुणांत ३० टक्के धरली जाते आणि निकाल कधी उशिरा येतो. शाळेने दिलेले गुण मुदतीत पाठवा, बाकीचे नंतर.

निबंधात काय लिहावं? स्थलांतराची गोष्ट लिहू का?

कॉमन ॲपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. त्याशिवाय प्रत्येक विद्यापीठाचे छोटे निबंध वेगळे. दहा विद्यापीठं म्हणजे वीस-पंचवीस लिखाणं सहज होतात, आणि ऑक्टोबरमध्ये बारावीचा अभ्यासही ऐन भरात असतो. म्हणून मुख्य निबंध ऑगस्टमध्येच.

"आईबाबा दोन बॅगा घेऊन आले" ही गोष्ट खरी असते, पण ती आईबाबांची असते. निबंध मुलाचा हवा. मी वाचलेला सगळ्यात चांगला निबंध एका मुलाने आजीसोबतच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर लिहिला होता. आजी साताऱ्याहून मराठीत विचारायची, त्याला शब्द सापडायचे नाहीत, मग तो वहीत एकेक शब्द लिहून ठेवू लागला. दोन वर्षांत त्या वहीतून त्याला भाषा कशा बनतात याचं वेड लागलं. त्यात कुठलंही पारितोषिक नव्हतं, पण तो मुलगा कसा विचार करतो हे स्वच्छ दिसत होतं.

आईबाबांनी निबंध दुरुस्त करू नये. विचारावं, ऐकावं, स्पेलिंग बघावं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची वाक्यं सतरा वर्षांच्या निबंधात लगेच ओळखू येतात.

ढोल-ताशा पथक, मराठी शाळा हे लिहायचं का? की वॉटर्लू विद्यापीठाच्या गणित स्पर्धा?

दोन्ही, जर दोन्ही खरे असतील. उपक्रमांना दहा जागा असतात आणि प्रत्येकाला १५० अक्षरं. वॉटर्लूच्या युक्लिड स्पर्धेतला चांगला क्रमांक गणितवाल्या मुलासाठी वजनदार आहेच. पण चार वर्षं दर शनिवारी मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवली असेल, तर तेही तितकंच मनापासून लिहा. धाकट्या भावंडाला सांभाळणं, टिम हॉर्टन्समध्ये नोकरी, आजोबांना डॉक्टरकडे नेणं हेही लिहितात. आपली मुलं हे "यात काय सांगायचं" म्हणून गाळतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. ओंटारियोचे समाजसेवेचे सक्तीचे ४० तास मात्र सगळ्यांचेच असतात, तेवढ्यावर थांबू नये.

अर्ली डिसिजन घ्यावं का?

अर्ली डिसिजन म्हणजे एकाच विद्यापीठाला लवकर केलेला अर्ज, आणि तो बंधनकारक असतो. मिळालं तर जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदतीची रक्कम खरोखरच अपुरी असेल तरच सुटका. ज्यांना वेगवेगळ्या ठिकाणची मदत तुलना करून बघायची आहे, त्यांनी विचार करूनच सही करावी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा लवकरचा अर्ज बंधनकारक नाही, पण तो केला तर दुसऱ्या खासगी विद्यापीठात लवकर अर्ज करता येत नाही. अशा अर्जाबरोबर कॅनडातले अर्ज मात्र सगळे चालू ठेवता येतात. ठेवाच.

अमेरिकेला १ मेपर्यंत उत्तर द्यायचं आणि वॉटर्लूचा पत्ताच नाही. काय करायचं?

ही खरी अडचण आहे. अमेरिकेचे निर्णय मार्चअखेर येतात आणि होकार १ मेपर्यंत द्यावा लागतो. ओंटारियोतल्या अभियांत्रिकीसारख्या शाखांची उत्तरं मेच्या मध्यापर्यंत येत राहतात आणि तिथे होकाराची मुदत जूनच्या सुरुवातीला असते. तेव्हा एप्रिलमध्येच घरात ठरवा: वॉटर्लू किंवा टोरांटो मिळालं असं धरलं, तरी आपण अमेरिका निवडू का? उत्तर "नाही" असेल तर अनामत रक्कम भरू नका. उत्तर "हो" असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही.

आणि टोरांटो, मॅकगिल, यूबीसी, वॉटर्लू ही कॅनडातली विद्यापीठं दुय्यम ठिकाणं नाहीत. संगणकशास्त्रात वॉटर्लूची को-ऑप पद्धत मुलाला पदवीआधी जवळजवळ दोन वर्षांचा कामाचा अनुभव देते. पूर्ण पैसे भरून मध्यम दर्जाच्या अमेरिकी विद्यापीठात जाण्यासाठी हे सोडू नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

सध्याच्या वातावरणात पाठवावं का?

काळजी रास्त आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगीच काढून घेतली होती. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पण त्या दोन दिवसांत किती घरांत झोप उडाली असेल. मी पाठवू नका म्हणत नाही. कॅनडातली एक जागा शेवटपर्यंत हातात ठेवा, एवढंच म्हणते.

शिकून झाल्यावर नोकरी?

पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीवर, १२ महिने, विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीला आणखी २४. त्यानंतर भारतीय पासपोर्टवाल्याला एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीची वाट बघावी लागते. कॅनडाच्या नागरिकाला टीएन हा कामाच्या परवानगीचा पर्याय आहे: अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार करारातल्या यादीत अभियंता, लेखापाल, अर्थतज्ज्ञ असे ठरावीक व्यवसाय आहेत. एका वेळी तीन वर्षांपर्यंत मिळतो, नूतनीकरण होतं आणि सोडत नसते.

ऑगस्टमध्ये सोडायला जाताना काय लक्षात ठेवावं?

टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर अमेरिकेची तपासणी विमानात बसण्याआधीच होते. आय-२०, सेव्हिसची पावती, प्रवेशाचं पत्र आणि पैशांची सोय दाखवणारे कागद मुलाच्या हातातल्या पिशवीत हवेत, चेक-इन केलेल्या बॅगेत नकोत. अधिकाऱ्याने एफ-१ नोंद केली आहे ना, हे नंतर आय-९४च्या संकेतस्थळावर बघून घ्या. चुकून पर्यटक म्हणून नोंद झाली तर ती पुढे निस्तरावी लागते. ओहिप, म्हणजे ओंटारियोचा सरकारी आरोग्यविमा, तिकडे जवळजवळ काहीच भरत नाही, विद्यापीठाचा आरोग्यविमा घ्यावा लागतो. आणि लाडू-चिवड्याचा डबा न्यायला हरकत नाही, पण तो तपासणीत जाहीर करा. माझ्या मुलीने केला होता. अधिकाऱ्याने "घरचे?" एवढंच विचारलं आणि जाऊ दिलं.